अतिथिसेवेतील हास्यामागचा ताण

हॉटेलचा स्वागतकक्ष, उपाहारगृह, समारंभाचे सभागृह अशा ठिकाणी ग्राहकांच्या थेट संपर्कात राहून सेवा करणारे अनेक तरुण-तरुणी आपल्या धर्मग्रामांत आहेत. पाळ्यांमुळे रविवारच्या मिस्सेलाही त्यांना पुष्कळदा मुकावे लागते. त्यांच्या हातून कामावर गैरवर्तन घडले, तर त्याचे मूळ केवळ स्वभावदोषात शोधणे न्याय्य ठरणार नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट कान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली भूमिकाताणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. वरिष्ठ आणि ग्राहक यांच्या मागण्या परस्परविरोधी असल्या की भूमिकासंघर्ष निर्माण होतो. आपले कर्तव्य व अधिकार नेमके किती हे स्पष्ट नसले की भूमिकेची संदिग्धता निर्माण होते. उदाहरणार्थ, पाहुणा बिलात सूट मागतो. 'सूट देऊ नका' आणि 'पाहुण्याला नाराज करू नका' असे दोन्ही आदेश असतात. निर्णयाचा अधिकार नसलेला कर्मचारी मात्र दोन्हीकडून बोलणी खातो. शिवाय मन खिन्न असतानाही हसतमुख राहणे हेदेखील श्रमच आहेत, हे समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली विमानसेविकांच्या अभ्यासातून दाखवून दिले.

साचलेला ताण वाट शोधतो. मुद्दाम विलंब लावणे, ग्राहकाची पाठीमागे टवाळी करणे, कनिष्ठ सहकाऱ्यावर राग काढणे ही त्याची रूपे होत. ग्राहकसेवेत जाणूनबुजून केलेल्या अशा बिघाडाचा अभ्यास ब्रिटनमधील लॉइड हॅरिस व इमॅन्युएल ओगबोना यांनी २००२ साली मांडला. ताणामुळे असे वर्तन समजून घेता येते. त्याचे समर्थन करता येत नाही, कारण त्याची झळ बहुधा निरपराध व्यक्तीलाच बसते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या परिपत्रकात शिकवले की, काम मनुष्यासाठी आहे, मनुष्य कामासाठी नाही. या शिकवणुकीनुसार मालकाने स्पष्ट सूचना, पुरेसे अधिकार व विश्रांती द्यावी. कर्मचाऱ्याने आपली अडचण वेळीच वरिष्ठांपुढे मांडावी. कुटुंबाशी व धर्मगुरूंशी मन मोकळे करावे.

तिसरी जबाबदारी आपली, म्हणजे ग्राहकांची आहे. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुऊन सेवेला प्रतिष्ठा दिली. लग्नसमारंभात आपल्याला जेवण वाढणाऱ्या मुलाशी आपण कसे बोलतो, यातूनही आपली श्रद्धा प्रकट होत असते.