बिडदीचे पीठ आणि कैलासाचे पारपत्र

स्वामी नित्यानंद हे नाव आज 'कैलासा' नावाच्या कल्पित राष्ट्रामुळे जगभर गाजते. पण या माणसाचे बस्तान बसले ते स्पर्शाने आजार बरे करण्याच्या दाव्यावर. मराठी वाचकाची नावामुळे गफलत होऊ शकते, म्हणून आधी एक खुलासा करायला हवा. वज्रेश्वरीजवळच्या गणेशपुरीत १९६१ साली समाधिस्थ झालेल्या नित्यानंदांशी याचा काहीही संबंध नाही. हा नित्यानंद मूळचा राजशेखरन, गाव तमिळनाडूतले तिरुवण्णामलै. अरुणाचल पर्वत आणि रमण महर्षींचा आश्रम यांमुळे साधुसंन्याशांचा राबता असलेले हे गाव. पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग, मग चेन्नईच्या रामकृष्ण मठात काही काळ आणि त्यानंतर थेट स्वतःचे पीठ, असा त्याचा प्रवास झाला.

ते पीठ, म्हणजे नित्यानंद ध्यानपीठम्, २००३ च्या जानेवारीत बिडदीला उभे राहिले. बेंगळुरूहून म्हैसूरकडे जाताना तीसेक किलोमीटरवर असलेले बिडदी तट्टे इडलीसाठी आणि टोयोटा-किर्लोस्करच्या मोटारींच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध आहे. जागेची निवड फार हुशारीची होती. त्या वर्षांत बेंगळुरूत देशभरातून संगणक अभियंते येत होते. पगार मोठे, घर दूर, कामाच्या वेळा अमेरिकेच्या घड्याळावर आणि पाठदुखी, निद्रानाश, चिंता या तक्रारी घरोघरी. शहरापासून तासाभराच्या अंतरावर एक तरुण, हसतमुख, इंग्रजीतून बोलणारा स्वामी ध्यानही शिकवतो आणि हात ठेवून दुखणेही काढतो म्हटल्यावर गर्दी जमायला वेळ लागला नाही.

तमिळनाडूत त्याची ओळख 'कुमुदम' या खपाच्या साप्ताहिकातील सदराने घरोघर पोहोचवली होती. पुढे यूट्यूबवर प्रवचनांचा मारा सुरू झाला. बहुतेक मठांना कॅमेऱ्याचे महत्त्व कळायच्या आधीच या पीठाने ते ओळखले होते. मात्र खरी ताकद प्रवचनात नव्हे, आश्रमाच्या रचनेत होती. आजारी माणूस आधी उपचारासाठी येई. मग त्याला ध्यानाचे छोटे शिबिर सुचवले जाई, त्यानंतर मोठे आणि शेवटी 'इनर अवेकनिंग' नावाचे एकवीस दिवसांचे निवासी शिबिर. त्यांतल्या काहींना दीक्षा देऊन 'हीलर' केले जाई. कालचा रुग्ण आज वैद्य होई आणि आपल्या ओळखीचे नवे रुग्ण घेऊन येई. अशा माणसाला उपचार खोटा आहे असे सांगणे म्हणजे त्याचे स्वतःचे मोठेपण खोटे आहे असे सांगण्यासारखे होते. पुढच्या पंधरा वर्षांत भक्त का हटले नाहीत, याचे उत्तर बरेचसे इथेच आहे.

हात ठेवल्याने बरे वाटते, हा अनुभव मात्र सरसकट खोटा नसतो. सांधेदुखी, अर्धशिशी, दमा, त्वचेचे विकार चढउताराचे असतात. त्रास शिगेला पोहोचला की माणूस बुवाकडे जातो आणि त्यानंतर तो आपोआप उतरतो. कोणी आपुलकीने विचारपूस केली, धीर दिला, तरी वेदना कमी जाणवते. सोबत डॉक्टरची गोळी चालूच असते. श्रेय तेवढे बुवाच्या खात्यावर जमा होते. ज्याला गुण येत नाही तो पुन्हा फिरकत नाही, ज्याला येतो तो व्यासपीठावर उभा राहून अनुभव सांगतो. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते गावोगाव हेच समजावत आले. अमुक इतक्या रुग्णांपैकी किती बरे झाले, हा प्रश्न बिडदीत कधी विचारलाच गेला नाही.

बेंगळुरूला असे प्रश्न विचारण्याची परंपरा नव्हती असे मात्र नाही. १९७६ मध्ये बंगलोर विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. एच. नरसिंहय्या यांनी चमत्कारांच्या तपासणीसाठी एक समितीच नेमली होती. नरसिंहय्या पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, गांधीवादी, खादीधारी आणि आयुष्यभर नॅशनल कॉलेजच्या वसतिगृहातल्या खोलीत राहिलेले ब्रह्मचारी. त्यांना नास्तिक पाश्चात्त्य म्हणून झटकून टाकणे कोणाला शक्य नव्हते. समितीने पुट्टपर्तीच्या सत्यसाईबाबांना पत्रे लिहून, ठरलेल्या परिस्थितीत वस्तू निर्माण करून दाखवण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही. मुठीत मावणाऱ्या अंगठ्याच का, एखादा भोपळा काढून दाखवा, हा नरसिंहय्यांचा सवाल तेव्हा गाजला. त्याच वर्षी पांडवपूर येथे अंगातून विभूती काढणाऱ्या एका लहान मुलाची पाहणी झाली, तेव्हा विभूती कपड्यांत दडवलेली निघाली. पण समितीचे आयुष्य अल्प ठरले. नरसिंहय्यांच्या कुलगुरुपदाची मुदत १९७७ मध्ये संपली आणि समितीही थांबली. बिडदीच्या पीठाला नरसिंहय्या भेटले नाहीत. भेटली ती दूरचित्रवाणीची कॅमेरा टीम, आणि तीही भलत्याच कारणासाठी.

२ मार्च २०१० रोजी एका तमिळ वाहिनीने नित्यानंद आणि एका अभिनेत्रीची खासगी चित्रफीत दाखवली. ती त्याच्याच एका निकटवर्तीय शिष्याने केली होती. चित्रफीत बनावट असल्याचा दावा आश्रमाने केला. एप्रिलमध्ये हिमाचल प्रदेशात सोलन जिल्ह्यात त्याला अटक झाली आणि जूनमध्ये जामीन मिळाला. बलात्कार, फसवणूक, धमकी असे आरोप पुढे आले. चर्चा सगळी शयनगृहाची झाली. तपासात हाती आलेल्या एका कागदाकडे त्यामानाने कमी लक्ष गेले. शिष्यांकडून सही करून घेतलेल्या त्या करारात आश्रमातल्या गोष्टी बाहेर न बोलण्याची अट होती आणि साधनेत शारीरिक जवळीक येऊ शकते, याला संमतीही होती. मोक्षाच्या वाटेवर वकिली कागद लागतो, ही गोष्ट चित्रफितीपेक्षा अधिक बोलकी आहे.

एरवी इथे पीठ मोडायला हवे होते. झाले उलटेच. हिंदू संतांविरुद्धचे कारस्थान ही नवी कथा रचली गेली आणि प्रत्येक आरोप गुरूच्या छळाचा पुरावा ठरू लागला. २०११ मध्ये पत्रकारांना बोलावून कुंडलिनी जागृतीने हवेत तरंगण्याचा कार्यक्रम झाला. प्रत्यक्षात मांडी घालून बसलेले भक्त गादीवर बेडकासारखे उड्या मारत होते. एप्रिल २०१२ मध्ये तर प्राचीन मदुरै आधीनम् या शैव मठाचा २९३ वा पीठाधिपती म्हणून त्याची निवड झाली. ओरड झाल्यावर ऑक्टोबरात ती रद्द झाली. त्याच वर्षी जूनमध्ये बिडदीच्या पत्रकार परिषदेत एका कन्नड वार्ताहराशी झटापट झाली, कन्नड संघटना रस्त्यावर उतरल्या, सदानंद गौडा सरकारने आश्रमावर कारवाईचे आदेश दिले आणि काही दिवस गायब राहिलेला नित्यानंद रामनगरच्या न्यायालयात शरण आला. पुन्हा जामीन मिळाला. बलात्काराच्या तपासासाठी मागितलेल्या पौरुष चाचणीला त्याचा विरोध होता. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चाचणी कायम ठेवल्यावर ती बेंगळुरूच्या व्हिक्टोरिया रुग्णालयात झाली. आरोपनिश्चिती व्हायला २०१८ उजाडले.

या काळात चमत्कारांचा भर मुलांकडे वळला. आश्रमाच्या गुरुकुलातील मुले 'तिसरा डोळा' उघडल्यामुळे डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतात, समोरच्याच्या शरीराच्या आत पाहून आजार सांगतात, असे दावे होऊ लागले. नाकाच्या बाजूला राहिलेल्या फटीतून खाली पाहणे, ही जादूगारांची जुनी युक्ती. महाराष्ट्रात 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन'च्या नावाने तीच विकली गेली तेव्हा अंनिसने आव्हान देऊन तिचा फोलपणा दाखवला होता. २०१८ मध्ये गायींना आणि सिंहांना तमिळ-संस्कृत बोलायला लावण्याची घोषणा झाली. लोक हसले, भक्त हसले नाहीत.

मुलांचा हाच विषय अखेर अंगाशी आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका दांपत्याने आपल्या मुलांना अहमदाबादजवळच्या आश्रमात डांबल्याची तक्रार केली. दोन शिष्यांना अटक झाली, शाळेच्या आवारात आश्रम चालू देणाऱ्या संस्थेची सीबीएसई संलग्नता गेली. तोवर नित्यानंद देशाबाहेर पोहोचला होता. तो इक्वेडोरमध्ये असल्याच्या बातम्या आल्या, पण इक्वेडोरने त्याला आश्रय दिल्याचे नाकारले. जानेवारी २०२० मध्ये इंटरपोलची ब्लू नोटीस निघाली. पुढच्या महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने जामीन रद्द केला आणि रामनगरच्या न्यायालयाने अजामीनपात्र वॉरंट काढले.

'कैलासा' जन्मले ते याच सुमारास. ध्वज, पारपत्र आणि २०२० च्या गणेशचतुर्थीला 'रिझर्व्ह बँक' व नाणी. जमीन कुठे आहे, एवढेच सांगितले गेले नाही. तरीही पत्रे, शिक्के आणि छायाचित्रे यांच्या बळावर दारे उघडत गेली. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील नेवार्क शहराने भगिनी-शहर करार केला आणि चूक कळताच आठवडाभरात मोडला. फेब्रुवारीत जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या खुल्या चर्चेत कैलासाची प्रतिनिधी बोलली. ते निवेदन विचारात घेणार नसल्याचे संयुक्त राष्ट्रांनी स्पष्ट केले. त्याच वर्षी पराग्वेत करारावर सही करणारा कृषी खात्यातील अधिकारी पदावरून गेला. २०२५ मध्ये बोलिव्हियातील आदिवासी समूहांकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने जंगलजमीन घेण्याचा प्रकार उघड झाला आणि तिथल्या सरकारने कैलासाशी संबंधित वीस जणांना देशाबाहेर काढले. स्पर्शोपचार आणि पारपत्र यांचे तंत्र एकच आहे. दोन्हींत कोणी तपासणार नाही यावर भरवसा असतो आणि दोन्हींत दिखावा इतका सफाईदार असतो की विचारणारालाच संकोच वाटावा.

कायद्याची उणीव नाही. चमत्काराने रोग बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ पासून केंद्रीय कायद्याचे बंधन आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. कर्नाटकाने तसा कायदा २०१७ मध्ये संमत केला आणि तो २०२० पासून लागू झाला. पण नित्यानंदावर चाललेला मुख्य खटला उपचारांच्या खोटेपणाचा नाही, बलात्कार आणि फसवणुकीचा आहे, आणि २०१० पासूनचा तो खटला आरोपीच फरार असल्याने रेंगाळला आहे. ज्या स्पर्शोपचारावर हा सारा डोलारा उभा राहिला, त्याची तपासणी करण्याची तसदी कोणत्याही यंत्रणेने घेतली नाही.