मुंबईला निघालेलं ‘जावा’ पोचलंच नाही

१८१२ चं ब्रिटन-अमेरिका युद्ध आपल्या शाळेच्या पुस्तकात फारसं नसतं. मलाही ते ‘आपला काय संबंध’ असंच वाटायचं, ‘जावा’ची गोष्ट कळेपर्यंत.

युद्धाचं कारण थोडक्यात सांगतो. नेपोलियनशी लढताना ब्रिटिश आरमाराला खलाशी कमी पडत होते, म्हणून ते अमेरिकन जहाजांवरून माणसं उचलून न्यायचे. त्यात व्यापारावरही बंधनं घातली. जून १८१२ मध्ये अमेरिकेने युद्ध पुकारलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘जावा’ हे फ्रिगेट इंग्लंडहून हिंदुस्थानकडे निघालं. जहाज मुळात फ्रेंच, लढाईत जिंकलेलं. कॅप्टन हेन्री लॅम्बर्ट. जहाजात मुंबईच्या गोदीत बांधल्या जात असलेल्या ७४ तोफांच्या जहाजासाठी तांबं होतं. लाकडाला समुद्री किडा लागू नये म्हणून तळाला तांब्याचे पत्रे ठोकायचे. आणि प्रवाशांत होते जनरल थॉमस हिस्लॉप, मुंबईच्या फौजेची सूत्रं हाती घ्यायला निघालेले. हे नाव लक्षात ठेवा.

२९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ समोर आलं अमेरिकेचं ‘कॉन्स्टिट्यूशन’. दोन्ही फ्रिगेटच, पण सारखी नव्हेत. अमेरिकन जहाज मोठं, त्याच्या मुख्य तोफा २४ पौंडी गोळ्याच्या. ‘जावा’च्या १८ पौंडी. त्याहून वाईट म्हणजे ‘जावा’चे बरेच खलाशी नवखे, तोफांचा सराव जवळपास शून्य. लोक म्हणतात मोठ्या तोफा जिंकल्या. माझ्या मते खरा घात कच्च्या सरावाने केला.

तरी सुरुवात ‘जावा’नेच गाजवली. ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या सुकाणूचं चाकच उडवलं! जखमी कमोडोर बेनब्रिज वरून ओरडून हुकूम द्यायचे आणि खालच्या मजल्यावर माणसं दोर ओढून जहाज वळवायची. विचार करा, धुरात, तोफांच्या आवाजात हे चाललंय. पुढे ‘जावा’च्या डोलकाठ्या एकेक करून कोसळल्या. लॅम्बर्टना गोळी लागली, त्यातच ते काही दिवसांनी गेले. लेफ्टनंट हेन्री चॅड्स स्वतः जखमी, पण लढत राहिले. शेवटी झेंडा उतरवला. जहाज इतकं मोडलं होतं की बेनब्रिजनी ते जाळूनच टाकलं. तांबं गेलं. पुढच्या वर्षी ब्रिटिश नौदलाने आपल्या फ्रिगेटना बजावलं, या मोठ्या अमेरिकन फ्रिगेटशी एकट्याने भिडू नका.

मुंबईचं ते ७४ तोफांचं जहाज मात्र १८१३ मध्ये पाण्यात उतरलं. नाव ‘कॉर्नवॉलिस’, बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया, लाकूड सागवान. १८४२ चा नानकिंगचा तह त्याच्यावरच झाला.

आणि हिस्लॉप? बेनब्रिजनी कैद्यांना ‘पुन्हा लढणार नाही’ या शब्दावर ब्राझीलमध्येच सोडलं. पुढे हिस्लॉप हिंदुस्थानात आलेच, मद्रासचे सरसेनापती होऊन. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला त्यांनी होळकरांचा पराभव केला. तहात थाळनेर इंग्रजांना मिळालं. आज ते धुळे जिल्ह्यात, तापीकाठी आहे. फेब्रुवारी १८१८ मध्ये हिस्लॉप तिथे पोचले तेव्हा गढीतून गोळीबार झाला. मग किल्लेदार तुळशीराम मामा स्वतः बाहेर येऊन ताब्यात गेला. पण आत दरवाजाशी गोंधळ उडाला, इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि सुमारे ३०० जणांची शिबंदी कापली गेली. शरण आलेल्या किल्लेदारालाही हिस्लॉपनी फाशी दिलं.

लंडनच्या पार्लमेंटातही त्यावर प्रश्न उठले. सहा वर्षंही झाली नव्हती, हाच माणूस शरण आला होता आणि शब्दावर सुटला होता.