खेळाडू मुले आणि वजनकाट्याची धास्ती

तालुक्याच्या शालेय क्रीडास्पर्धा जवळ आल्या, की कारध्यात पहाटे रस्त्याने धावणारी मुले वाढतात. कबड्डी-खोखोचे खेळाडू असतात, तसे पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणारेही असतात. या दिवसांत चक्कर, डोकेदुखी, पायाच्या नळीतली ठणक घेऊन येणारी मुले दवाखान्यात हमखास दिसतात. सोबतचे पालक 'एखादे टॉनिक लिहून द्या' म्हणतात. नीट विचारपूस केली, की कित्येकदा दुखण्याचे मूळ ताटात सापडते, आणि न खाण्याचे मूळ मनात.

अकरावीतल्या एका मुलीचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. लांब पल्ल्याची धावपटू. आई म्हणाली, "खाते न डॉक्टरसाहेब, डबा तं रोज रिकामाच येते." डबा रिकामा येत होता, कारण तो मैत्रिणी खात होत्या. घरी 'बाहेर खाल्लं' आणि मैदानावर 'घरून जेवून आले' असे तिचे ठरलेले उत्तर. चार महिने पाळी आली नव्हती. त्याबद्दल ती म्हणाली, "बरंच झालं न काका, सरावात खंड पडत नाही."

सुरुवात एका साध्या वाक्याने झाली होती. मैदानावर कोणीतरी सहज म्हणाले, "जड दिसतेस." तिने रात्रीचा भात सोडला. दोन किलो वजन उतरले, वेळही थोडी सुधारली आणि सगळ्यांनी पाठ थोपटली. इथेच खरी गोम आहे. घरात बसलेल्या मुलीने जेवण सोडले तर आई काळजीत पडते. खेळाडूने सोडले तर त्याला जिद्द म्हणतात. वेदना सोसणे, चुकीला माफी नाही, सगळे मोजून-मापून करणे हे स्वभाव खेळात उपयोगी पडतात, पण हेच स्वभाव आहाराच्या विकारालाही खतपाणी घालतात. म्हणून खेळाडूचा आजार कौतुकाच्या आड दडून राहतो.

दुसरी गोष्ट, निकाल मुलांच्या हातात नसतो. निवड कोणाची होईल, पाय कधी मुरगळेल, भरती कधी निघेल, काहीच सांगता येत नाही. काट्यावरचा आकडा मात्र आपल्या हातात आहे असे वाटते, आणि धास्तावलेले मन त्याला धरून बसते. दुखापतीने महिनाभर घरी बसलेले मूल अचानक जेवण तोडते ते यामुळेच. 'मी धावपटू' याखेरीज स्वतःची दुसरी ओळखच नसेल, तर ही भीती जास्त.

तिसरी गोष्ट वाचकांना नवल वाटेल अशी आहे. उपासमार स्वतःच मन बिघडवते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. ही शहाणीसुरती माणसे चिडचिडी, उदास, एकलकोंडी झाली. दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. पुढे भरपूर अन्न मिळाल्यावरही काहींचे खाणे आवरेना. आपल्याकडचा मुलगा आठवडाभर उपाशी राहून रविवारी घरातले सगळे फस्त करतो, मग शरमेने बोटे घालून उलटी काढतो, तेव्हा त्याला हावरट म्हणू नये. उपाशी मेंदू असाच वागतो.

कुस्तीच्या तालमीत पूर्वी खुराक हा अभिमानाचा विषय होता. वजनगटांनी ती रीत बदलली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एरवी ५३ किलोत लढणारी विनेश फोगाट ५० किलोत उतरली. रात्रभर व्यायाम केला, केस कापले, तरी अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅम वजन जास्त भरले आणि ती बाद झाली. आपले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलोच्या गटात सहावे आले होते. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळाले ते वरच्या, ५७ किलोच्या गटात. वाढत्या वयाच्या मुलाला खालच्या गटात कोंबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पाणी तोडणे, अंगाला प्लास्टिक गुंडाळून धावणे हे तर जिवाशी खेळणे आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत असे वजन उतरवताना जेमतेम महिनाभरात तीन कॉलेज कुस्तीगीर दगावले. त्यानंतर तिथले नियम बदलले. लघवीच्या गोळ्या हृदयाला घातक आहेतच, शिवाय उत्तेजक-विरोधी नियमांत त्यांना बंदी आहे.

शरीरात काय होते? इंधन अपुरे पडले की मेंदू आधी पाळीचे काम थांबवतो. इस्ट्रोजेन घटते, हाडे ठिसूळ होतात आणि नळीच्या हाडाला बारीक तडा जातो. मुलांमध्येही पौरुष-संप्रेरक कमी होते. वारंवार उलट्यांनी रक्तातले पोटॅशियम उतरते व हृदयाचे ठोके चुकू शकतात. सरावाने पाळी बंद होणे 'चालायचेच' असे अनेक जण, क्रीडाशिक्षकसुद्धा, समजतात. ते खरे नाही. तीन महिने पाळी चुकली की तपासणी झालीच पाहिजे.

घरच्यांनी काय करावे? 'खा बाई खा' म्हणून मागे लागू नये, धमकावू तर मुळीच नये. शक्यतो एक वेळचे जेवण सोबत घ्यावे आणि त्या वेळी वजनाचा, निकालाचा विषय काढू नये. जेवणानंतर लगेच मोरीत जाणे, उन्हाळ्यातही सैल जाड कपडे, सतत थंडी वाजणे, आडून खाणे याकडे लक्ष असू द्यावे. भात हा शत्रू नाही. वरण-भात, अंडी, तलावातली मासोळी, फुटाणे, गूळ-शेंगदाणे यांवर उत्तम खेळाडू घडतो. क्रीडाशिक्षकांनी सगळ्यांसमोर वजन करणे बंद करावे आणि 'जाड' हा शब्द मैदानावर उच्चारू नये. वजन खरोखर कमी करायचे असेल, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हंगामाच्या बऱ्याच आधी आणि हळूहळू.

त्या मुलीला दोन महिने सराव बंद ठेवायला सांगितले, तेव्हा ती रडली आणि वडील रागावले. पाळी यायला सात महिने लागले. या काळात मानसोपचारतज्ज्ञांकडेही जावे लागले, आणि 'वेड लागले म्हणतील' ही वडिलांची भीती काढण्यातच निम्मा वेळ गेला. दूर जाणे जमत नसेल, तर १४४१६ या सरकारी 'टेली-मानस' क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.