पावलांचा हिशेब आणि मनाची अपेक्षा

पुण्याच्या पूर्वेस, अहिल्यानगरच्या हमरस्त्यावर वाघोली हें गांव वसलें आहे. वाघेश्वराचें देवालय आणि दगडाच्या खाणी ही त्याची जुनी ओळख. २०२१ सालीं तें पुणें महानगरपालिकेंत सामील झालें. आतां तेथें मोठमोठीं गृहसंकुलें उभीं आहेत, आणि पहांटे फिरावयास निघालेल्या मनुष्याच्या खिशांत बहुधा स्मार्टफोन असतो. त्यांतील ॲप पावलें मोजतें आणि रात्रीं हिशेब देतें : सहा हजार झालीं, चार हजार राहिलीं. तो वाचून एकास समाधान वाटतें, दुसरा खट्टू होतो. आंकडा एकच असतां मनाच्या अपेक्षेप्रमाणें त्याचा परिणाम बदलतो. हा परिणाम शरीरापर्यंतहि पोंचतो काय, हा विचारणीय प्रश्न आहे.

प्रथम दहा हजारांची कुळकथा पाहिली पाहिजे. टोकियो येथें १९६४ सालीं ऑलिंपिक सामने झाले. पुढील वर्षीं जपानांत कंबरेस लावावयाचें, पावलें मोजणारें एक यंत्र विक्रीस आलें. त्याचें नांव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचें मापक. हा ठोक आंकडा विक्रीच्या सोयीचा होता. वैद्यकीय संशोधनांतून तो निघालेला नव्हता. २०१९ सालीं अमेरिकेंतील १६,७४१ वृद्ध स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसास सुमारें ४,४०० पावलें चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचें प्रमाण २,७०० पावलें चालणाऱ्यांपेक्षां बरेंच कमी आढळलें, आणि ७,५०० च्या पुढें अधिक लाभ दिसला नाहीं. तेव्हां वाघोलींतील एखाद्या आजोबांचीं साडेपांच हजार पावलें ॲपनें अपुरीं ठरविलीं, तरी तीं व्यर्थ गेलीं असें होत नाहीं.

अपेक्षेच्या परिणामाविषयीं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत १६२ प्रौढांस पावलें मोजणारीं मनगटी घड्याळें देण्यांत आलीं. कांहींस खरा आंकडा दिसे. कांहींस तो मुद्दाम ४० टक्के घटवून दाखविला जाई. घटविलेला आंकडा पाहणाऱ्यांचें मन खिन्न झालें, आहार बिघडला, आणि विश्रांतींतील नाडीचे ठोके व रक्तदाब हे दोन्ही वाढले. याचें कारण असें संभवतें कीं, आपण कमी पडलों या समजुतीनें चिंता वाढते, आणि आजचा दिवस वायां गेलाच आहे असें म्हणून मनुष्य पथ्यहि सोडून देतो.

याच्या उलट अनुभव २००७ सालच्या एका प्रयोगांत आला होता. अमेरिकेंतील हॉटेलांत खोल्या झाडणाऱ्या ८४ स्त्रियांपैकीं कांहींना, तुमचें रोजचें काम हाच उत्तम व्यायाम आहे, असें समजावून सांगितलें. चार आठवड्यांनीं त्यांचें वजन आणि रक्तदाब हीं थोडीं उतरलेलीं आढळलीं. मात्र २०११ सालीं एका विद्यापीठाच्या सफाई-कामगारांवर तसाच प्रयोग झाला, त्यांत असा फरक दिसला नाहीं. यावरून समजुतीस औषधाची जागा देतां येत नाहीं. पायांनीं चाललेंच पाहिजे; समजूत फार तर त्या चालण्यास साह्य किंवा अडथळा करते.

वाघोलीच्या नव्या इमारतींत चार घरचीं धुणीं-भांडीं करणारी बाई दिवसांतून कितीदां जिना चढते, याची नोंद कोणत्याहि ॲपांत नसते, कारण काम करतांना तिचा फोन पिशवींत पडलेला असतो. संध्याकाळीं ‘आज हालचाल कमी’ असा शेरा त्यावर उमटला, तर तो खोटा शेरा खरा मानणें हेंच नुकसानीचें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम श्रम सांगितला आहे. त्यांत कामाचे आणि घरचे श्रमहि धरले आहेत.

म्हणून ॲप वापरणाऱ्यानें मागील आठवड्याची स्वतःची सरासरी काढावी आणि पुढील आठवड्याचें लक्ष्य तीहून थोडेंच वर ठेवावें. शेजाऱ्याच्या आंकड्याशीं स्पर्धा करूं नये. रात्रीं हिशेब पाहतांना किती राहिलीं याच्या आधीं किती झालीं हें वाचावें, आणि फोन जवळ नसतांना केलेले कष्टहि त्यांत मनानें मिळवावे.