सॉलिड-स्टेट ड्राइव्हमधील वीजखंड संरक्षण

वीजखंड संरक्षण किंवा पॉवर लॉस प्रोटेक्शन ही सॉलिड-स्टेट ड्राइव्हमधील (एसएसडी) एक सोय आहे. वीज अचानक गेल्यास ड्राइव्हच्या तात्पुरत्या स्मृतीतील माहिती तिच्यामुळे कायमस्वरूपी फ्लॅश स्मृतीत उतरवली जाते. फाइल प्रणालीची नोंदवही, म्हणजेच जर्नल किंवा लॉग, ज्या ड्राइव्हवर असते तेथे ही सोय विशेष महत्त्वाची ठरते.

नोंदवही आणि तिचे गृहीत

लिनक्समधील ईएक्सटी४ ही फाइल प्रणाली फाइलींच्या रचनेतील बदल आधी नोंदवहीत लिहिते आणि नोंद पूर्ण झाल्याची खूण शेवटी करते. संगणक मध्येच बंद पडल्यास खूण असलेल्या नोंदी पुढे अमलात येतात. अर्धवट नोंदी टाकून दिल्या जातात. झेडएफएसमध्ये तातडीने कायम करावयाच्या लेखनाची नोंद स्वतंत्र ड्राइव्हवर ठेवता येते. या ड्राइव्हवर एरवी केवळ लेखन होते; त्यातील नोंदी वाचण्याची वेळ अपघातानंतरच येते. त्यामुळे त्यातील दोष वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

ही सारी व्यवस्था ड्राइव्हच्या शब्दावर उभी असते. ‘लिहिले’ असे कळवूनही माहिती तात्पुरत्या स्मृतीतच असेल, तर नोंदवहीचा उपयोग उरत नाही.

कार्यपद्धती

संरक्षित ड्राइव्हमध्ये कपॅसिटर बसवलेले असतात. व्होल्टेज उतरताच त्यांतील ऊर्जेवर ड्राइव्ह काही मिलिसेकंदांत उरलेले लेखन पूर्ण करतो. या हमीमुळे तो फ्लॅशमधील लेखनाची वाट न पाहता पोच देऊ शकतो. म्हणून असे ड्राइव्ह नोंदवहीसाठी वेगवानही ठरतात. एका सेलमध्ये अनेक बिट साठवणाऱ्या फ्लॅशमध्ये लेखन अर्ध्यावर तुटल्यास पूर्वी साठवलेला बिटही बिघडू शकतो. काही स्वस्त ड्राइव्ह एवढ्याच धोक्यापासून संरक्षण देतात. जाहिरातीतील शब्द मात्र तोच असतो.

‘फास्ट’ परिषदेत २०१३ मध्ये सादर झालेल्या चाचणीत १५ पैकी १३ एसएसडींमध्ये वीज तोडल्यावर अनपेक्षित बिघाड आढळले.

वीजपुरवठा आणि यूपीएस

रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेची वीजजाळी उर्वरित देशाशी जोडली गेली. तथापि, जाळी एक झाल्याने सोलापुरातील एखाद्या यंत्रमाग कारखान्याजवळचे रोहित्र जळणे टळत नाही. अशा ठिकाणी हिशेबाच्या संगणकाला यूपीएस जोडलेला असला, तरी संगणकाच्या आतील वीजपुरवठा निकामी झाल्यास यूपीएस निरुपयोगी ठरतो. उलट, वीजखंड संरक्षण संगणक चालू ठेवत नाही. ड्राइव्हपर्यंत न पोहोचलेले, मुख्य स्मृतीतील लेखन नष्टच होते.