आकाशवाणी : बोलणारी आणि ऐकणारी

पूर्णा आणि नांदेड यांच्यामधले आमचे चुडावा हे रेल्वेचे छोटे स्टेशन. आजोबा सांगत, त्यांच्या तरुणपणी जगाची बातमी गावात दोन वाटांनी येई. एक आगगाडीने आणि दुसरी रेडिओवरून. गाडीतून उतरलेल्या माणसाला चार प्रश्न विचारता येत. रेडिओला मात्र काहीच विचारता येत नसे. या साध्या बोलण्यात आपल्या राष्ट्रीय प्रसारणाच्या इतिहासाचे मर्म आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे नियमित प्रसारणाचा आरंभ मुंबईत झाला. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. ही कंपनी खाजगी होती. तिचे उत्पन्न खर्चाला पुरेना आणि १९३० साली तिचा कारभार आटोपला. तेव्हा सरकारने तो आपल्या हाती घेतला आणि १९३६ मध्ये त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. म्हणजे प्रसारण सरकारी झाले ते एखाद्या थोर ध्येयापोटी नव्हे, तर धंदा बुडाल्यामुळे!

आपला मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. येथे सत्ता होती ती हैदराबादच्या ‘डेक्कन रेडिओ’ची. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाला शरणागती जाहीर करावी लागली, तीही याच रेडिओवरून. राज्य बदलले, रेडिओ बदलला. पण प्रजेने फक्त ऐकायचे, ही रीत लगेच कशी बदलणार?

स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला अवघी सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ व तिरुचिरापल्ली. मराठी मुलखात त्यांपैकी एकच. पुढे १९४८ मध्ये नागपूर आणि १९५३ मध्ये पुणे केंद्र सुरू झाले. कालांतराने आपल्या परभणीलाही केंद्र आले आणि मराठवाड्याची बोली मराठवाड्यातूनच ऐकू येऊ लागली.

या साऱ्या इतिहासात १९५६ सालचा पुण्याचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. असे वीस कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळ असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान स्पष्टपणे वाढले होते. याउलट, रेडिओ होता पण मंडळ नव्हते, अशा गावांत फारसा फरक दिसला नाही. नुसता आवाज पोचून भागत नाही. ऐकणाऱ्याला बोलता आले पाहिजे, हाच त्याचा अर्थ नव्हे काय?

दूरदर्शनची कथाही फारशी निराळी नाही. १९५९ साली दिल्लीत आणि १९७२ साली मुंबईत चित्रवाणी आली. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे गावांना कार्यक्रम दाखवले गेले; त्यांत महाराष्ट्र नव्हता. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. प्रसारणाला स्वायत्तता देणारा प्रसार भारतीचा कायदा १९९० साली संमत झाला. तो अमलात यायला मात्र १९९७ साल उजाडले.

आज प्रत्येकाच्या खिशात बोलणारे यंत्र आहे, मग आकाशवाणी कशाला, असे काही मित्र विचारतात. परंतु बाजाराला चुडाव्याच्या कापसाशी आणि बोलीशी काय देणेघेणे? ती काळजी सार्वजनिक प्रसारणानेच वाहायची आहे. मात्र स्वायत्तता म्हणजे केवळ सरकारपासून सुटका नव्हे. श्रोत्याशी बांधिलकी हीही स्वायत्तताच होय. आणि श्रोता म्हणून आपलेही एक कर्तव्य आहे. केंद्राला पत्र लिहावे, चूक दाखवावी, हवे ते मागावे. आजोबांना रेडिओला प्रश्न विचारता आला नाही. आपण तो विचारू या.