निकाल ठरलेला, तरी चाहते सुन्न! काय आहे जपानची 'शूट स्टाईल' कुस्ती?

९ ऑक्टोबर १९९५, टोकियो डोम. नोबुहिको ताकादा विरुद्ध केजी मुतो. निकाल आधीच ठरलेला होता, तरी ताकादाचे चाहते त्या रात्री सुन्न झाले. का?

ताकादा 'शूट स्टाईल'चा हिरो. १९८४ ला यूडब्ल्यूएफमध्ये रुजलेल्या या शैलीत दोरावरून उड्या नाहीत, नाटकीपणा नाही. खऱ्या लढतीसारख्या लाथा आणि सांधा पिरगाळून हार मानायला लावणाऱ्या पकडी. (यांचे गुरू कार्ल गॉच तर पोरांकडून चक्क आपल्या जोर-बैठका काढून घ्यायचे!)

ताकादाच्या यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनलमध्ये प्रत्येकाला सुरुवातीला १५ गुण. पकडीतून सुटायला दोर धरला की १ गेला, मार खाऊन आडवा झाला की ३. त्यामुळे अशी मॅच बघताना उड्यांची वाट बघू नका, पकडीत अडकलेल्याचा हात दोराकडे कधी सरकतो ते बघा. खरा थरार तिथे आहे.

मुतोनं त्या रात्री ताकादाला 'फिगर फोर' लावला. जुनी, दिखाऊ मानली जाणारी पायाची पकड. ताकादानं तिच्यातच हार मानली. 'आमचीच कुस्ती खरी' हा दावाही तिथंच चीत झाला. डिसेंबर १९९६ मध्ये यूडब्ल्यूएफ इंटरनॅशनल बंद पडलं.